कळसाजवळून सरळ

माय साप चावून गेली, असं आमच्याकडे सगळे सांगतात. मी ऐकून घेते, पण आतून संताप होतो. साप चावल्यावर दवाखाना गाठण्याइतकी सवड आम्हाला होती.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यातली गोष्ट. गावोगाव आमच्या वस्त्या जळत होत्या, सडकेवर माणसं टपून बसलेली. अशात मायला शेतात निंदताना साप चावला. सडकेनं नेलं असतं तर सगळेच मेलो असतो. राहिलं येलदरी धरणाचं पाणी. दवाखाना पलीकडच्या काठाला. मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या भोयानं होडी दिली, पण स्वतः आला नाही. गावानं त्याला वाळीत टाकलं असतं. माझ्या वडिलांच्या, आबांच्या हातात वल्हं देत तो म्हणाला, "देवळाचा कळस दिसायलाय न्हवं? त्याच्याजवळून सरळ धरा. डाव्या अंगाला जाऊ नका. तिकडं पाण्यात बाभळी हायत, जाळी लावलीत."

आबांनी जन्मात होडी चालवली नव्हती. पण ज्या गावाच्या देवळाचा तो कळस, ते पाण्याखाली गेलेलं गाव त्यांचंच. धरण होईपर्यंत ते तिथंच राहिले होते. मी मायचं डोकं मांडीवर घेऊन डालड्याच्या डब्यानं होडीतलं पाणी उपसत होते. "जीभ जड व्हायली गं," माय म्हणाली.

कळस जवळ आला आणि होडी डावीकडे वळली.

"आबा, सरळ!" मी ओरडले. "भोई काय म्हणला?"

"देवळाम्होरून आपली वाट न्हाई," वल्हं मारता मारता आबा म्हणाले. "आपली वाट वेशीबाहेरून."

घरातले देव याच माणसानं स्वतः नदीत सोडले होते. मोर्चात घोषणा देऊन देऊन घसा बसवून घ्यायचा तो हाच. आणि आता बुडालेल्या देवळाला वळसा घालत होता! तिथं ना पुजारी, ना पाटील. पाण्याला कसली आलीय वेस? मी आणखी काही बोलेपर्यंत होडी बाभळीत शिरली आणि वल्ह्याला जाळं गुंडाळलं गेलं. मी खुरप्यानं दोऱ्या कापत होते, आबा दातांनी तोडत होते. एक सुटली की दुसरी अडकायची. मायच्या पापण्या मिटल्या त्या उघडेनात. नुसती घरघर ऐकू येत होती. होडी मोकळी झाली तोवर तीही थांबली.

आबांनी वल्हं खाली ठेवलं. "त्यानं तर सरळ सांगितलं व्हतं. मी कवा वळलो गं?"

मी त्यांना त्यांचेच शब्द सांगितले. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. त्यांनी मागं वळून पाहिलं. कळसाभोवतीचं पाणी लांबपर्यंत मोकळं होतं. मग मायच्या पायांवर डोकं ठेवून ते म्हणाले, "आपल्याला कुणी अडवलंच नव्हतं गं."