शेळ्यांनी आधी पाहिलेलं घर

मंद्रूपच्या शाळेत मी शिकवत होतो, तेव्हापासून बजाबाई मागच्या माळावर शेळ्या चारत. घंटा झाली की पोरांवर उगाच खेकसत आणि हळूच त्यांच्या खिशात बोरं घालत.

गेल्या वर्षी त्यांची गाभण शेळी पोट फुगून मेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तेव्हा मी तिथंच होतो. आतून पिशव्या आणि सुतळ्यांचा पिळलेला गोळा निघाला, भोपळ्याएवढा. बजाबाई त्यातली एक पिशवी निरखत म्हणाल्या, "गुरुजी, असल्याच पिशवीतनं मी वांगी आणली व्हती की."

त्यानंतर बाजार उठला की त्या प्लास्टिक वेचू लागल्या.

"काय म्हातारे, सोनं गावलं का?" लोक विचारत.

"तुज्याच घरचं हाय, घेऊन जा की!"

वेचलेल्या प्लास्टिकची पोती माझा जुना विद्यार्थी अनिमेष सोलापूरला न्यायचा. प्लास्टिक वितळवून, वाळू मिसळून तो विटा करतो. वावटळीत बजाबाईंचं छप्पर उडालं आणि त्या शेजाऱ्यांच्या ओसरीवर आल्या, तेव्हा त्यानं त्याच विटांची खोली बांधून दिली. विटा कशाच्या हे कळल्यावर बजाबाई भडकल्या.

"ज्यानं शेळी मारली, त्यातच मी निजू? आन् उरलेल्या शेळ्या दारात बांदू?"

आम्ही दोघांनी समजावलं. त्यांनी खोलीची किल्ली मागून घेतली. आम्हाला वाटलं, पटलं.

गृहप्रवेशाच्या सकाळी मी नारळ घेऊन गेलो. अनिमेष झेंडूचं तोरण बांधत होता, तोच आतून 'बें' ऐकू आलं. दार उघडलं तर आत बजाबाई आणि सगळ्या शेळ्या! नव्या फरशीवर लेंड्यांचा सडा.

"आज्जी, हे काय केलंत?" अनिमेष दारातूनच ओरडला.

"रातभर कोंडल्या. चारा न्हाय दिला. उपाशी शेळी काय सोडती व्हय?"

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर करडे कण होते. दाराजवळच्या एका विटेची कड कुरतडलेली होती. अनिमेषनं वाकून ती कड चाचपली. मला पुन्हा तो भोपळ्याएवढा गोळा दिसू लागला.

"बाकी भिंत लई घट हाय," बजाबाई म्हणाल्या. "पर ही कड सुटली. हे त्यांच्या पोटात गेलं तर?"

"आज्जी, ही वीट बदलतो. खालून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा करतो. आजच."

"कर. वाळला की येते ऱ्हायला. आन् ते तोरण काड आदी, बग, निम्मं खाल्लं की त्या शेळीनं!"

अनिमेष तोरण सोडवायला धावला. बजाबाई शेळ्या हाकत बाहेर पडल्या आणि नारळ माझ्या हातातच राहिला.