सुलभाताईंनी कुठे फुली मारायची

इथे अमेरिकेत, आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत सुलभाताई खरं बोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत. मंडळाच्या जेवणात मोदक कमी पडले तर बाकीच्या बायका एकमेकींकडे बघतात, ताई मात्र "मी दोन जास्त खाल्ले" असं सांगून मोकळ्या होतात. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नागपूरहून आल्या, घर सांभाळलं, मुलगा वाढवला. कागदपत्रं सगळी त्यांचे यजमान, त्र्यंबकराव बघायचे. मागच्या ऑगस्टमध्ये ते अचानक गेले.

काल ताई टॅक्सचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या. लायब्ररीतून कोरा आणून स्वतः पेनने भरलेला. मला त्यातलं काय कळणार! पण 'सिंगल'च्या चौकोनात फुली होती आणि त्र्यंबकरावांचं नाव कुठेच नव्हतं, एवढं दिसलं.

"अहो ताई, त्यांचा सात महिन्यांचा पगार आहे ना यात?"

"आहे की. पण मी आता विवाहित कुठे आहे? सरकारला खोटं कसं लिहू?"

मला ते पटलं. मीच वर म्हटलं, "खरं तेच लिहा, देव बघतो."

तेवढ्यात चँडलरहून त्यांच्या सिद्धेशचा फोन आला. "आई, जॉइंट फाइल कर ना, तुझा नि बाबांचा एकत्र. टॅक्स कमी बसतो."

"टॅक्स कमी बसतो म्हणून तुझ्या बाबांना जिवंत दाखवू?" ताईंनी फोन ठेवूनच दिला. मग एकदम रडवेल्या झाल्या. "तो शिकलेला आहे हो. माझंच चुकत असेल का?"

म्हणून आज पूजा आटोपून मी त्यांना लायब्ररीत घेऊन गेले. तिथे शनिवारी फुकट फॉर्म भरून देतात. टेबलामागे नेमकी चैत्राली होती, आमच्याच मंडळातली, अकाउंटंट आहे.

"काकू, हे सिंगल नाही चालणार. काका कधी गेले?"

"अंगारकीला."

"अहो काकू, माझ्या सॉफ्टवेअरला अंगारकी कळत नाही. तारीख?"

ताईंनी मृत्यूचा दाखला पुढे केला. बारा ऑगस्ट.

"मग एकतीस डिसेंबरपर्यंत तुम्ही विवाहितच. ज्या वर्षी जोडीदार जातो ते पूर्ण वर्ष कायदा तसंच धरतो."

"बारा ऑगस्टनंतरसुद्धा?"

"हो."

ताई सावकाश माझ्याकडे वळल्या. "मग नवरात्रात तुम्ही मला कुंकवाला का नाही बोलावलंत?"

कार्यक्रम माझ्याच घरी होता. वर्ष व्हायचंय, त्यांनाच वाईट वाटेल, असं काहीबाही तेव्हा मनाशी म्हटलं होतं. चैत्राली प्रिंटरकडे बघत बसली.

ताईंनीच पुन्हा फॉर्म ओढला. "पण दोघांचं नाव घातलं की ते आहेत असंच वाटणार ना वाचणाऱ्याला?"

"नाही काकू. काका गेल्याची तारीखसुद्धा फॉर्मवर घालायची. आणि त्यांच्या सहीच्या जागी लिहायचं की मागे राहिलेली पत्नी भरते आहे."

"म्हणजे गेले हेही लिहायचं, आणि नवरा हेही?"

"दोन्ही."

"आणि यात खोटं काही नाही?"

"काहीच नाही."

ताईंनी चैत्रालीकडून सूचनांमधलं ते वाक्य तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा स्वतःही ओठ हलवत वाचलं. मग चैत्रालीचं पेन घेऊन नव्या फॉर्मवर 'विवाहित'च्या चौकोनात फुली मारली, त्र्यंबकरावांचं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

"आणि पुढच्या वर्षी गं?"

"पुढच्या वर्षी सिंगल, काकू."

"आपोआप?"

"नाही, फुली तुम्हालाच मारावी लागेल."

ताईंनी पेन बंद केलं, पण परत दिलं नाही. चैत्रालीनेही मागितलं नाही.