धोट्याचा हात

त्याच्या कानशिलात मी वाजवली ती भरदिवसा, सगळ्या खात्यासमोर.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत असिस्टंट इंजिनीअर होतो. वय सत्तावीस, डोक्यावर हॅट आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आमचे माग चालायचे ते छताखाली फिरणाऱ्या लांबलचक लोखंडी शाफ्टवर. शाफ्टवरून एकेका मागाला चामड्याचा पट्टा आलेला असायचा. पट्टा निसटला की इंजिन थांबवून चढवायचा, असं मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. गिरणीत तसलं काही नव्हतं. एका पट्ट्यापायी सगळं खातं बंद ठेवायचं म्हटलं की आमचा गोरा चीफ अंगावर यायचा. माणूस शिडीवर चढायचा आणि शाफ्ट फिरत असतानाच हाताने पट्टा त्यावर फेकायचा. मीही तेच ओरडून सांगायचो, वर दोन शिव्या माझ्या पदरच्या.

मी ज्याला मारलं तो माणूस भवानी पेठेतला, घरात तेलुगू बोलणारा विणकर. गिरणी सुटली की घरच्या हातमागावर बसायचा. त्या घरांतली माणसं पट्टा नेहमी डाव्या हाताने फेकायची. उजवा हात धोट्याचा, मागावर आडवा धागा नेणारा. धोटा चालला तर चूल पेटते, म्हणून तो हात यंत्राजवळ न्यायचा नाही, असं त्यांच्यात ठरूनच गेलेलं. डाव्या हाताने नेम चुकायचा, एकदोनदा पट्टा खाली यायचा. त्या दिवशी त्याचा तीनदा खाली आला.

मी त्याला शिडीवरून उतरवला, वाजवली आणि म्हणालो, "उजवा हात काय देव्हाऱ्यात ठेवायचाय? त्यानं घाल."

तो गाल चोळत वर चढला आणि उजव्या हाताने पट्टा फेकला. पट्टा बसला तो त्याची बाही घेऊनच. जुनं धोतर टरकन फाडावं तसा आवाज झाला. शाफ्टने हात खांद्यातून उपटून काढला, दोनदा गरगरा फिरवला आणि चार माग पलीकडे आपटला. माणूस शिडीसकट खाली आला. विणून झालेल्या कोऱ्या कापडावर रक्ताची चिळकांडी उडाली आणि खालचे माग तरीही खडखडत राहिले. चीफ धावत आला. त्याने पहिलं काय विचारलं असेल? "पट्टा बैठ गया?"

माणूस वाचला. मी मात्र कामातून गेलो. जेवायला बसलो की आमटीचा लाल तवंग बघून ताट सारायचो. बायकोवर उगाच खेकसायचो. एकदा आरशावर तांब्या फेकला. आपण हलकट आहोत हे मला पुरतं कळलं होतं आणि ते कुणाला सांगायची हिंमत नव्हती.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, विम्याचे एजंट होते. ते बरेच दिवस मागे लागले होते. "सोड ती गिरणी. पांढरे कपडे घाल, वकील-मास्तरांच्या ओसरीवर बस, चहा पी आणि विमा उतरव. रक्त नाही, वंगण नाही." आता ते मला पटलं. एजंटाने पहिला विमा स्वतःचा उतरवावा असा त्यांचा शिरस्ता होता. एका रविवारी त्यांनी फॉर्म पुढे ठेवला. मधेच एक प्रश्न होता: चालत्या यंत्रात हात घालण्याचे काम करता काय? मी लिहिलं, 'नाही'. दाजी खूश झाले. म्हणाले, "झकास. तुझा जीव एकदम पहिल्या दर्जाचा."

सही केली आणि तसाच उठून भवानी पेठेत गेलो.

तो दारात बसला होता. आत हातमागावर त्याची बायको होती. माग अडखळत चालला होता. मी म्हणालो, "माझं चुकलं. मी आता गिरणी सोडतोय, विम्याचं काम धरतोय." वाटलं, शिव्या देईल, थुंकेल. त्याने तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "तुमी जावा की सायेब. माज्या जागी आता शिडीवर भाऊ चढतोय. तुमी हाय तर तुमास्नी माजा हात आठवल. नव्या सायबाला काय आठवल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा निसटला. भाऊ शिडीवर चढला आणि डावा हात पुढे केला. पण पट्टा फेकायला तो धजेना. चीफने हातातल्या पान्याने त्याच्या नडगीवर टोला दिला, "जल्दी." मी शिडी धरली आणि म्हणालो, "उतर खाली." चीफने तोच पाना माझ्या कपाळावर हाणला. डोळ्यांत रक्त आलं. मग माझं भान सुटलं. त्याचं मनगट पिरगळून मी त्याला शेजारच्या मागाकडे फरफटत नेलं आणि त्याचा पंजा चालत्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर धरला. "आता तुम्ही घाला." तो गुरासारखा ओरडला. मला तो हात आत ढकलायचा होता. खोटं कशाला बोलू, फार ढकलायचा होता. शिडीवरून भाऊ म्हणाला, "सायेब, नको." मी सोडला.

चीफ भिंतीला टेकून मनगट चोळत होता. मी इंजिन थांबवायला लावलं. पट्टा बसला, मग इंजिन चालू झालं. एका नेटिव्हाने आपलं मनगट धरलं हे सांगायची लाज वाटली असावी, त्याने वर कुठेही तक्रार केली नाही. माझ्या पाळीत तो पुन्हा त्या खात्यात फिरकला नाही.

कपाळाला टाके घालून संध्याकाळी दाजींकडे गेलो. फॉर्म अजून पाठवायचा होता. मी 'नाही' खोडलं आणि 'होय' लिहिलं.

दाजी म्हणाले, "डोकं फिरलंय का? हा कागद परत येईल. एजंटचा स्वतःचा विमाच नामंजूर झाला तर दारात कोण उभं करील तुला?"

"येऊ द्या परत. मी गिरणी सोडत नाही."

"अरे पण तू कधी घातलास चालत्या यंत्रात हात?"

"घातला," मी म्हणालो. "माझा नव्हता."