आजीच्या नावावर गेलेलं जॅकेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या घरात मांजरीच्या बाळंतपणाचीसुद्धा मी दोन दिवस गोष्ट करून सांगते — आणि ही एक मात्र इतकी वर्षं गिळून बसलेय.

ती जॅकेटं तुम्ही पाहिली असतील. हिमरूची, म्हणजे आमच्याकडच्या त्या नक्षीदार विणीच्या कापडाची, बाहेरच्या अंगाला सुटे धागे झुलणारी. नट्या घालतात, विमानतळावर काचेत टांगलेली दिसतात. खरं सांगू? मी अजूनही त्या काचेपुढं तोंड उघडं टाकून उभी राहते. कारण हे सगळं गारखेड्यात, आमच्या पुढच्या खोलीत, दोन मशिनींवर सुरू झालं. एकीवर मी — सरळ टीप न येणारी मालकीण. दुसरीवर शहनाज आपा, रोज पडेगावहून येणारी.

हिमरूच्या पाठीला धागे सुटे राहतात. ती बाजू सगळे अस्तराखाली झाकतात. आपानं एकदा जॅकेट उलटंच शिवलं — मुद्दाम. शेजारणींसमोर मी तिला झापलं, "आपा, गिऱ्हाईक वेड्यात काढील आपल्याला!"

ती हसली. "ताई, इधर भी तो उतनीच मेहनत है. लोगां देखे तो क्या बिगड़ता?"

पुढं वेरूळ बघायला एक मोठी नटी आली. हॉटेलात माल दाखवायला आम्ही दोघी गेलो. ते उलटं जॅकेट मी लाजेनं गठ्ठ्याच्या तळाशी घातलेलं — नटीनं नेमकं तेच ओढलं, अंगात घातलं, आरशासमोरून हलेचना. "ही कल्पना कुणाची?"

आपा शेजारीच उभी होती. हात लांबवला असता तर खांद्याला लागला असता. आणि मी म्हणाले — "आमच्या आजीची."

का? नटीनं माझ्याकडं बघितलं म्हणून? माझ्या आजीनं जन्मभर एका घोंगडीपलीकडं काही पांघरलं नाही हो! आपा बाकीच्या जॅकेटांच्या घड्या घालत राहिली.

महिन्याभरात फोटो सगळीकडं. मग मुंबईच्या एका कंपनीनं आमचा ब्रँड विकत घेतला. त्यांनी विचारलं, डिझाइन कुणाचं, लिहून द्या. तेव्हा तरी? नाही. मी आजीचं नाव घालून सही केली. आपा शिलाईवरच राहिली. पुढं त्या कंपनीकडून दुसऱ्या, त्याहून मोठ्या कंपनीनं तो घेतला. प्रत्येक मालकाबरोबर आजी वाढत गेली. पहिल्यानं तिला लेबलावर नथ घातली, दुसऱ्यानं थेट निजामाच्या दरबारात बसवलं.

आता तिसरे मालक आलेत. मागच्या महिन्यात त्यांची माणसं कॅमेरा घेऊन आली. सगळ्यांत जुनी कारागीर म्हणून आपाला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, हे सुरू कसं झालं? मी कॅमेऱ्यामागं.

आपानं पदर सारखा केला. म्हणाली, "ताईच्या आजी सांगायच्या, कपडा दोन्ही अंगानं बघावा. आम्ही तर नुसतं शिवलं." इतकं सुरेख सांगितलं — त्या पोरांचे डोळे भरले. मीही ही गोष्ट अशी रंगवून कधी सांगितली नव्हती.

खुर्चीवरून उठताना तिनं माझ्या हाताचा आधार घेतला आणि हळूच विचारलं, "बराबर बोली ना, ताई?"

मी म्हणाले, "एकदम बरोबर, आपा."