झाकणाच्या आत लिहिलेलं

मशीन मिस्त्रींचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुठल्याही कारखान्यात कुणाचं बोट गेलं, की ते म्हणत, "मशीन चुकत नाही, माणूस चुकतो." लोकांच्या करवती आणि रंधे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की आमटीत मीठ कमी पडलं तरी बायको धास्तावायची. त्यांची स्वतःची दहाही बोटं शाबूत होती आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

त्यांना एक सवयही होती. मोटरचं झाकण बंद करण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि केलेलं काम लिहायचं, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला कळेल. पुढे उघडणारे बहुतेक वेळा तेच असत, ही गोष्ट वेगळी.

धाकटी लेक सुतारकामात पडली तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला, आणि मग गुपचूप तिच्या पटाश्यांना धार लावून दिली. गेल्या महिन्यात तिने एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून टेबल सॉ घेतलं. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं, आणि सगळ्यावर ताजा हिरवा रंग. आपल्याला न विचारता घेतलं म्हणून मिस्त्री आठ दिवस फुगून बसले. नवव्या दिवशी तिचाच फोन आला. म्हणाली, मशीन कापता कापता मध्येच बंद पडतं आणि थोड्या वेळाने आपलं आपण बरं होतं.

ते "आपलं आपण" मिस्त्रींना अजिबात आवडलं नाही. माणसाचं दुखणं एखादवेळी आपोआप बरं होईल, मशीनचं कसं होईल?

दुपारी ते तिच्या कारखान्यावर गेले. प्लग पाहिला, वायर पाहिली, स्विच पाहिला, पट्टा दाबून पाहिला. सगळं धड होतं. मशीन चालू केलं तर आवाजही स्वच्छ होता, फक्त कुठेतरी ऐकल्यासारखा. का कोण जाणे, त्यांना तिथून निघून जावंसं वाटलं. पण लेकीपुढे असं कसं म्हणणार? त्यांनी तिला जाड फळ्या घालायला सांगितलं.

तिसऱ्या फळीला मशीन थांबलं. पात्याच्या फटीत अंगठ्याएवढा तुकडा अडकला होता. रोजच्यासारखा तो काढायला लेकीने हात पुढे केला आणि मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं. स्विच अजून चालूच होता, एवढंच त्यांना दिसलं होतं.

"बंद आहे बाबा," ती वैतागून म्हणाली.

"असू दे. मागे उभी राहा."

दोघं उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेलं, दोन गेली. गिऱ्हाईकाचं कपाट अडून राहिलंय, म्हणून ती कुरकुरली. मिस्त्रींनी मनगट सोडलं नाही. चौथ्या मिनिटाला टेबलाखाली बारीक टक् असं झालं, आणि कुणी हात न लावता पातं पूर्ण वेगाने फिरायला लागलं. तो तुकडा मागच्या दारावर जाऊन आदळला. दारात खाच पडली.

लेक आपल्या हाताकडे बघत राहिली. "या आठवड्यात मी सहा वेळा असा तुकडा काढलाय," ती हळूच म्हणाली.

मिस्त्रींनी प्लग उपटून तिच्या हातात दिला. दोष त्यांना आता कळला होता. मोटर तापली की वीज तोडणारी एक छोटी डबी असते. या मशीनला अशी डबी हवी, की एकदा वीज तुटली की लाल बटण दाबेपर्यंत मोटर मेलेलीच राहील. कुणीतरी इथे दुसऱ्या जातीची डबी लावली होती. ती थंड झाली की स्वतःच वीज जोडते. कुठल्या गाढवाने हे केलं, असं पुटपुटत त्यांनी चार स्क्रू काढले आणि झाकण उजेडाकडे वळवलं.

पेन्सिलीचं अक्षर त्यांचंच होतं. 'लाल बटणाची डबी मिळाली नाही. तात्पुरती दुसरी बसवली. आठ दिवसांत बदलणे.' खाली बारा वर्षांपूर्वीची तारीख. नखाने खरवडलं तर हिरव्याखाली निळा रंग निघाला.

ते निळं मशीन कुठल्या कारखान्यातलं, हे त्यांना आता कुणी सांगायला नको होतं. आठ दिवस गेले होते, ते विसरले होते, आणि अकराव्या दिवशी तिथल्या करवत्याची दोन बोटं गेली होती. मशीन बंद होतं, बंद होतं, असं तो सगळ्यांना रडून सांगत होता. मालकाने तपासायला मिस्त्रींनाच बोलावलं. त्यांनी पातं, पट्टा, स्विच सगळं पाहिलं. तेवढं एक झाकण उघडलं नाही, कारण ते काम त्यांनी स्वतः नुकतंच केलं होतं. मग सगळ्यांदेखत त्यांनी आपलं वाक्य म्हटलं. करवत्याचं काम सुटलं. पुढे तोही म्हणायला लागला, माझंच लक्ष नव्हतं. अजून रस्त्यात भेटला की तो तीन बोटांचा हात कपाळाला लावून मिस्त्रींना नमस्कार करायचा.

लेकीने झाकण हातात घेऊन वाचलं. करवत्याची गोष्ट तिने बापाच्या तोंडून शंभरदा ऐकली होती, लक्ष नसलं की काय होतं याचा धडा म्हणून.

"बाबा, म्हणजे तो खरं बोलत होता?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "आणि मी खोटं."

त्यांनी बाजारात जाऊन लाल बटणाची डबी आणली, बसवली, फळ्या घालून मोटर तापवली. मशीन थांबलं. अर्धा तास दोघं समोर बसून राहिले, पण पातं हललं नाही. मोटरवर त्यांनी पत्र्याचं नवं झाकण बसवलं. जुनं पिशवीत घालून ते संध्याकाळी करवत्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

करवत्याने त्यांना खुर्ची दिली. मिस्त्री बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगून त्यांनी झाकण पुढे केलं. करवत्याने ते दिव्याखाली धरून दोनदा वाचलं आणि मांडीवर ठेवलं. मग आत तोंड करून बायकोला हाक मारली.

"अगं, बाहेर ये जरा. मिस्त्री काय सांगतायत ते ऐक."

ती पदराला हात पुसत येऊन उभी राहिली, आणि मिस्त्रींना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.