मोहाखालचा झाडू

एकोणीसशे पन्नास सालानंतर मी गडचिरोलीकडच्या एका गावात मास्तर होतो. तिथे तिशीतला एक गडी रोज दिसायचा. बोलायचा नाही. हंगामात मोहाचं एकेक फूल फुंकून टोपलीत उभं लावायचा. त्याला खुळा म्हणून मी मोकळा झालो होतो.

फुलं गळण्याआधी गावात मोहाखालचा पाला जाळत, म्हणजे वेचणं सोपं जाई. एका वर्षी त्याची आई मात्र झाडू मारत होती. तो शेजारी बसला होता.

"बाई, जाळत काऊन नाई?"

"धूर दिसला का हा रानात पळते, गुरुजी. मांगच्या साली साऱ्या गावानं धुंडला."

"आणि बाकीचे जाळतात, तो धूर?"

"औंदा तेबी झाडूनच राह्यले."

मी रानभर नजर फिरवली. खरंच कुठे धूर नव्हता. फक्त माझ्या बोटांतली बिडी धुमसत होती, आणि तो केव्हाच उठून रानाकडे निघाला होता.