तक्रारबाईंची अर्ध्या दिवसाची रजा

नगरपालिकेच्या तळमजल्यावर शेवटच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे ‘तक्रारबाई’ म्हणत. वास्तविक बाईंनी जन्मात कुणाची तक्रार केली नव्हती. त्या फक्त दुसऱ्यांच्या घेत. एखादा नगरसेवक भर सभेत कुणाला काही बोलला आणि ते समोरच्याला झोंबलं, की तो माणूस तणतणत या खिडकीशी यायचा. बाई चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारायच्या, “बोलणं तुमच्या कामावर होतं की तुमच्यावर?” कामावर टीका करायचा नगरसेवकाला हक्क; माणसावर घसरला तर मात्र चौकशी. निम्मे लोक या प्रश्नानेच गार होऊन घरी जात.

प्रश्न इतका अंगवळणी पडला होता, की घरीही त्यातून सुटका नव्हती. जेवताना नवरा म्हणाला, “भाजीत मीठ कमी वाटतं,” की बाई लगेच, “अहो, हरकत भाजीवर आहे की माझ्यावर? भाजीवर असेल तर मीठ समोर आहे. माझ्यावर असेल तर लेखी द्या.” तीस वर्षांच्या संसारात त्या गृहस्थांनी एकदाही लेखी दिलं नव्हतं. सुज्ञ माणूस.

बाईंची दुसरी खोड म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बघणं. “कागदावर सगळेच साव असतात,” असं म्हणून त्या पर्स उचलत, खिडकीवर ‘कामासाठी बाहेर. थोड्या वेळात येते’ ही पाटी अडकवत आणि निघत. दवाखान्याच्या जिन्यावर बकरीसुद्धा चढणार नाही, असं कुणी नगरसेवक म्हणाला, तर बाई तो जिना दोनदा चढून-उतरून येत. पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून त्यांना एकदा अग्निशमनवाल्यांनी उतरवलं होतं. पण टाकीला झाकण नाही हे त्यांनी बघितलं ते बघितलंच.

अशा बाईंवरच एक दिवस शेकलं. पेशाने टेलर असलेला एक नवा नगरसेवक होता. त्याची जीभ त्याच्या कात्रीइतकीच चालायची. भर सभेत तो म्हणाला, “तक्रारीची खिडकी बंद, बाई गायब. पगार काय त्या पाटीला देता?” सभा खो खो हसली.

बाईंना ते फार लागलं. निवृत्तीला चार महिने राहिलेले, अठ्ठावीस वर्षांत एक वाकडा शेरा नाही, आणि आता हे! दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मुख्याधिकारी साहेबांना मात्र दुःख होता होता आनंदच झाला. त्यांनी बाईंना बोलावून खुर्ची दिली, वर चहा मागवला.

“त्याच्यावर बागेच्या माळ्याची एक तक्रार आहेच,” साहेब म्हणाले. “तुमची दुसरी झाली, की नियमाप्रमाणे तीन सभा तो बाहेर. तेवढ्यात माझा रस्त्यांचा ठराव बिनबोभाट पास होईल. बाई, लिहाच तुम्ही!”

बाईंनी फॉर्म घेतला. नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि चौथ्या रकान्याशी हात अडला. ‘प्रत्यक्ष पाहणी केली का?’ हा रकाना त्यांनी स्वतः भांडून फॉर्मात घालून घेतला होता आणि आजवर कधी कोरा सोडला नव्हता. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, सवयीने पाटी अडकवली आणि वळसा घालून आपल्याच खिडकीसमोर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

रांगेत चौघे होते. इतकी वर्षं जाळीतून लोकांना दिसला तो चष्मा, आणि तो आता पर्समध्ये होता. त्यामुळे कुणी ओळखलं नाही. अर्ध्या तासात बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. इथे बसायला बाक नाही, हे त्यांना आजच कळत होतं.

“थोड्या वेळात येते म्हणे,” पुढची एक आजी पाटी वाचून म्हणाली. “हे म्हणजे आमच्या सुनेचं ‘निघालेच’. तेव्हा ती अंघोळीला गेलेली असते.”

सगळे हसले. बाईही हसल्या, दुसरं काय करणार?

त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या नखांत माती होती. “तुमची कितवी खेप?” बाईंनी विचारलं.

“पाचवी. बागेत माळी आहे मी. तक्रार मागे घ्यायचीय.”

“मागे? का हो?”

“तो टेलर म्हणाला, बागेतली फुलं पाहुणे आले की फुलतात आणि पाहुणे गेले की मरतात. डोकं फिरलं माझं, खिडकी बंद होती तर तक्रार लिहून फटीतून आत टाकली. मग थंड डोक्याने बघितलं, तर खरंच होतं की! पाहुणे यायचे म्हणून कुंड्या आणून मांडायचो, नंतर पाणीसुद्धा घालत नव्हतो. राग कशाचा आला, तर चारचौघांत बोलला. पण बाग चारचौघांचीच ना!”

“मग खिडकीवरच्या बाईंना सांगायचं तसं.”

“भेटली तर सांगू! आमचा वॉचमन म्हणतो, ती बागेत येते, वाफे मोजते, माझी चौकशी करते. मी इथे, ती तिथे. फार कामाची बाई आहे म्हणतात. असेल. मी काही तिला बघितली नाही.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच वेळा त्या बागेत गेल्या होत्या, वाफ्यांचा नकाशासुद्धा काढला होता, आणि ‘माळी कामावर गैरहजर’ असं प्रत्येक वेळी टिपून ठेवलं होतं. त्या रांग सोडून मागच्या दाराने आत गेल्या, चष्मा लावला, पाटी काढली आणि खिडकी उघडली.

“या माळीदादा, अर्ज मागे घ्यायचाय ना?”

माळ्याने जाळीला नाक लावलं. “आँ! तुम्हीच होय? मघाशी बोलायचं नाही का?”

“मघाशी मी रजेवर होते,” बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

रांग संपल्यावर त्यांनी साहेबांपुढे कागद ठेवला. माळ्याची तक्रार मागे. माझी तक्रार नाही. प्रत्यक्ष पाहणी केली. टीका कामावर आहे. खिडकी कधीकधी बंद असते.

साहेबांचा चेहरा पडला. “बाई, हे तुमच्या सेवापुस्तकात जाईल. अठ्ठावीस वर्षांतला पहिला शेरा, तोही तुमच्याच अक्षरात! आणि त्या टेलरला मी ऐकत बसायचं ते वेगळंच.”

बाईंनी हात पुढे केला. “जरा द्या बघू तो कागद.”

बाईंचं मन वळलं असं वाटून साहेबांनी लगबगीने कागद दिला, वर आपलं पेनही दिलं. बाईंनी चष्मा नीट केला, ‘कधीकधी’वर काट मारली, तिथे ‘बहुतेक वेळा’ लिहिलं आणि खाली पुन्हा सही केली.